१९७९ ची शेवरोले के१० आणि ३५ इंची टायर: कोणता ॲक्सल पुरेल?

रानवाट_डेन्व्हर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. गाडीचा तपशील आधी देतो म्हणजे नंतर उलटतपासणी नको.

१९७९ शेवरोले के१० पिकअप, ३५० घनइंची इंजिन, एसएम४६५ गिअरबॉक्स, एनपी२०५ ट्रान्सफर केस (जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी). मागे १२ बोल्टचा ॲक्सल, पुढे १० बोल्टचा, दोन्हीकडे रेशो ३.७३ (चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्टचे फेरे). आत्ता टायर ३१ चे आहेत, ३५ चे चढवायचे आहेत. मागे लॉकरही (दोन्ही चाकं एकत्र जखडून फिरवणारा) टाकायचा आहे. वापर म्हणजे कोलोरॅडोतल्या खडकाळ वाटा, अधूनमधून लाकडाचा ट्रेलर. रेसिंग नाही, चिखलात धिंगाणा नाही.

आहेत तेच ॲक्सल पुरतील का? नसतील तर कोणते घ्यावेत? "डाना ६० (जड कामाचा ॲक्सल) घ्या आणि मोकळे व्हा" हे उत्तर ऐकून झालंय, कृपया कारणासकट सांगा.

खादाड_खवय्या
मला ॲक्सलमधलं ओ की ठो कळत नाही, पण धागा रंगणार. कांदाभजी घेऊन बसलोय.

चिखलचाक
आहेत तेच ठेवा. १२ बोल्टची क्राऊन (डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चक्र) ८.८७५ इंची आहे, शाफ्ट ३० स्प्लाइनचे (टोकावरच्या खाचा). उघड्या, म्हणजे लॉकर नसलेल्या, डिफरन्शियलवर ३५ चे टायर बेतानं चालवले तर तो ॲक्सल वर्षानुवर्षं टिकतो. लोक ॲक्सल बदलतात, पण उजवा पाय बदलत नाहीत.

गिअरगणित
@चिखलचाक, "उघड्या डिफरन्शियलवर" हे तुमचे शब्द. धागाकर्त्याला लॉकर टाकायचाय. घोडं तिथेच पेंड खातंय. आकडे मांडू.

ॲक्सलवर येणारा पीळ दोन बाजूंनी मोजायचा. एक इंजिनकडून, दुसरा टायरकडून. जो आकडा लहान, तोच खरा.

इंजिनकडून: ३५० चा टॉर्क साधारण २७० फूट-पौंड धरा. एसएम४६५ चा पहिला गिअर ६.५५, एनपी२०५ चा लो १.९६, ॲक्सल ३.७३. गुणाकार ४७.९. म्हणजे चाकांपाशी जवळजवळ १३,००० फूट-पौंड. एवढा पीळ कुठलाच ॲक्सल खाणार नाही, पण एवढा पोचतही नाही, कारण त्याआधी टायर घसरतो.

टायरकडून: मागच्या ॲक्सलवर ३,५०० पौंड वजन धरू. कोरड्या खडकावर पकड जवळपास १. वजनानं दबलेल्या ३५ इंची टायरची त्रिज्या सुमारे १.४ फूट. ३,५०० × १.४ = ४,९०० फूट-पौंड. यापुढे टायर घसरणार.

आता गंमत बघा. ३१ चा टायर असता तर त्रिज्या १.२५ फूट आणि आकडा ४,३७५. म्हणजे टायर बदलल्यानं पीळ वाढला फक्त १२ टक्के! पण उघड्या डिफरन्शियलमध्ये हे ४,९०० दोन शाफ्टांत निम्मे निम्मे वाटले जातात, प्रत्येकी २,४५०. लॉकर असताना एक चाक हवेत गेलं की मागचं सगळं वजन दुसऱ्या चाकावर आणि सगळा पीळ एकाच शाफ्टवर. तिथे सरळ दुप्पट.

लोक ३५ च्या टायरला घाबरतात. शाफ्ट मोडतो तो लॉकरमुळे.

चिखलचाक
हे पटलं. पण मग शाफ्ट किती सोसतो ते सांगा, नाहीतर गणित अर्धंच.

गिअरगणित
भरीव शाफ्टची ताकद व्यासाच्या घनावर जाते. समजा पोलाद पृष्ठभागावर एक लाख पीएसआय कातरताण सोसतं. १.३१ इंची शाफ्ट (डाना ४४ चा ३० स्प्लाइन, १२ बोल्टचाही याच घरातला) सुमारे ३,७०० फूट-पौंडाला कायमचा पिळला जायला लागतो. १.५ इंची शाफ्ट सुमारे ५,५०० ला. व्यासात फरक पंधरा टक्क्यांच्या आतबाहेर, ताकदीत दीडपट.

स्प्लाइनच्या खाचेच्या तळाशी व्यास आणखी कमी असतो, म्हणून हे आकडे नुसते तुलनेला घ्या. पण ४,९०० दोन्हींच्या मधोमध पडतो हे दिसतंय ना? उघड्या डिफरन्शियलला १२ बोल्ट पास, लॉकरला नापास.

जुना_फोरमन
गणित ठीक, पण कागदावर गाडी उडत नाही. खडकावर चाक गरागरा फिरत असताना उसळून पुन्हा टेकलं की एका क्षणात फिरतं चाक थांबतं. तो झटका वरच्या आकड्याच्या दुप्पटही होऊ शकतो. शाफ्ट बहुतेक वेळा ओढताना मोडत नाही, असा आपटल्यावर मोडतो. मागचं टोक उड्या मारायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडायचा. हा नियम ३१ च्या टायरलाही आहे.

आणि एक गोष्ट अजून कुणी काढली नाही: सेमी-फ्लोटिंग की फुल-फ्लोटिंग?

के१० चा १२ बोल्ट सेमी-फ्लोटिंग आहे. म्हणजे चाक थेट शाफ्टच्या टोकाला, गाडीचं वजनही शाफ्टवर आणि पीळही शाफ्टवर. शाफ्ट आत धरून ठेवतो डिफरन्शियलमधला एक इंग्रजी सी आकाराचा चपटा तुकडा. शाफ्ट बेअरिंगजवळ मोडला की ड्रम, टायर, सगळं बाहेर चालू लागतं.

फुल-फ्लोटिंगमध्ये चाकाचं हब दोन टेपर बेअरिंगवर, बेअरिंग स्पिंडलवर. वजन सगळं हाऊसिंग घेतं, शाफ्ट फक्त फिरवतो. मोडला तर हबवरचे ८ बोल्ट काढा, शाफ्ट ओढून घ्या, टायर जागचा हलवायचा नाही. पुढच्या चाकांवर गाडी घरी येते. आत राहिलेला तुकडा मात्र काढावा लागतो, नाहीतर तो क्राऊनच्या दातांत जाऊन बसतो.

नाना_नाशिककर
अवांतर: आपल्याकडच्या जीपवाल्यांना हे ओळखीचं. युद्धातल्या विलिस एमबीचा मागचा ॲक्सल फुल-फ्लोटिंग होता. पुढे सीजे-३बीला डाना ४४ आला तो टेपर शाफ्ट आणि चावीवाला. हबचा नट सैल राहिला की चावी कापली जाते, शाफ्ट फिरतो आणि चाक मात्र ढिम्म. इंजिन ओरडतंय, गाडी जागेवर, आणि ड्रायव्हर क्लच गेला म्हणून गिअरबॉक्स उतरवायला निघतो.

रानवाट_डेन्व्हर
@गिअरगणित, @जुना_फोरमन, समजलं. म्हणजे लॉकर हवा असेल तर मागे फुल-फ्लोटिंग. मग कोणता? आणि फोर्ड ९ इंच का नको? सगळे त्याचं कौतुक करतात.

भंगारसम्राट
कारण तुमची गाडी शेवरोले आहे आणि तुमच्यासाठी जीएमनंच (शेवरोलेची मूळ कंपनी) ॲक्सल करून ठेवलाय: १४ बोल्ट फुल-फ्लोटिंग. क्राऊन १०.५ इंच, शाफ्ट दीड इंचाच्या वर, स्प्लाइन ३०. पिनियनला (क्राऊन फिरवणारं छोटं दातेरी चक्र) नेहमीची दोन बेअरिंग आहेतच, शिवाय नाकाला तिसरं बेअरिंग, त्यामुळे जोर आला तरी पिनियन क्राऊनपासून लांब ढकलली जात नाही. दात जाण्याचं मोठं कारणच त्यानं संपतं.

फोर्ड ९ इंच चांगलाच आहे, त्यालाही पिनियनच्या नाकाला आधार आहे, आणि डिफरन्शियलचा अख्खा गोळा पुढून उतरतो ही सोय. पण मूळचा तो सेमी-फ्लोटिंग. जाड शाफ्ट, फुल-फ्लोटिंग हब, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठका हे सगळं विकत घेऊन जोडायचं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. १९७३ ते ८७ च्या के२० पिकअपचा (तुमच्या के१० ची जास्त वजन नेणारी बहीण) १४ बोल्ट तुमच्या पाट्यांवर तसाच बसतो.

दोष सांगतो. एक, धूड आहे, दोघांनी उचलायला जाऊ नका, जॅक वापरा. दोन, गोळ्याचा खालचा भाग लोंबतो आणि खडकात नांगर टाकल्यासारखा अडतो. ३५ च्या टायरवर हे जाणवतं. काही लोक हाऊसिंगचा तळ कापून पट्टी वेल्ड करतात, पण ते नंतरचं.

पिंपरीचा_पाना
१४ बोल्ट घेताना एक फसगत नेहमीची. "१४ बोल्ट" म्हणजे मागच्या झाकणाला १४ बोल्ट, एवढंच. ९.५ इंची क्राऊनचा सेमी-फ्लोटिंग ॲक्सलही १४ बोल्टचाच आहे आणि तोही आठ स्टडच्या चाकांसह सापडतो. झाकण मोजून पैसे देऊ नका. चाकाच्या मधोमध बघा. हबचा डबा रिममधून बाहेर आलेला आणि त्यावर ८ बोल्टची फ्लँज दिसली तर फुल-फ्लोटिंग. सपाट असेल तर पुढे चला.

भंगारसम्राट
@पिंपरीचा_पाना +१. दुसरी फसगत: मागे दोन-दोन टायरवाल्या एक टनी गाडीचा १४ बोल्ट. हब वेगळी, रुंदी वेगळी, चॅसी-कॅबवाल्यात पाट्यांच्या बैठकाही वेगळ्या. चाकाच्या फ्लँजपासून फ्लँजपर्यंत आणि बैठकीच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप लावल्याशिवाय खिशात हात घालू नका.

जंकयार्डात तपासायचं ते असं. झाकण उघडा, तेल बोटावर घ्या आणि उन्हात धरा. बारीक राखाडी चिकटा चालतो, तो प्रत्येक जुन्या डिफरन्शियलमध्ये असतो. चकाकणाऱ्या कण्या दिसल्या तर बेअरिंग किंवा दात गेले. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, बेअरिंगवर गंजाचे ठिपके शोधा. मग पिनियनचा योक (प्रोपेलर शाफ्ट जोडायचा तोंडाचा भाग) दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. गोल फिरवताना थोडा खेळ असणारच, वर-खाली अजिबात नको. हब काढून स्पिंडलवरून नख फिरवा. बेअरिंगची आतली रिंग स्पिंडलवर फिरून खाच पडली असेल तर नख अडतं. तो ॲक्सल सोडा.

रेशोसाठी पाटीवर विश्वास नको, दात मोजा. ४१ आणि ११ म्हणजे ३.७३, ४१ आणि १० म्हणजे ४.१०, ४१ आणि ९ म्हणजे ४.५६.

चिखलचाक
रेशोवरून आठवलं. टायर वाढले की रेशो वाढवावाच लागतो. ३.७३ × ३५ ÷ ३१ = ४.२१. म्हणजे ४.१० घेतला तर आत्तापेक्षा किंचित जड, ४.५६ घेतला तर किंचित चपळ. एसएम४६५ चा पहिला गिअर ६.५५ आहे, खडकावर लो कमी पडणार नाही. ४.१० बस झाला. हमरस्त्यावर इंजिनही कमी कोकलेल. चौथा गिअर थेट एकास एक आहे, ओव्हरड्राइव्ह नाही, हे विसरू नका.

गिअरगणित
सहमत. आणखी एक कारण: रेशोचा आकडा मोठा म्हणजे पिनियनला दात कमी आणि पिनियन बारीक. १४ बोल्टमध्ये ४.१० पर्यंत एक कॅरिअर (क्राऊन ज्यावर बसते तो गाभा; लॉकर त्याच्याच जागी येतो), ४.५६ पासून दुसरा. ४.१० चा ॲक्सल आणून नंतर ४.५६ करायचं ठरवलं तर लॉकर पुन्हा विकत घ्यावा लागेल. आधी रेशो ठरवा, मग लॉकर.

कोथरूडची_जीप
माझ्याकडे नाही पण मित्रमंडळींसाठी विचारते: हेच पुण्यात जुन्या महिंद्रा फोर-बाय-फोर पिकअपला केलं तर?

नाना_नाशिककर
ताई, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलं की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. ॲक्सल, रेशो, टायरचा आकार, सगळं त्यात आलं. विम्याचा दावा अडकतो तो वेगळाच. कंपनीच्याच मापाचा चांगल्या पोलादाचा शाफ्ट, नवी बेअरिंग, नवी सील इथपर्यंत राहा.

खादाड_खवय्या
ॲक्सल बदलण्याआधी अक्कल वापरा, असं नानांना म्हणायचंय.

नाना_नाशिककर
भजी संपली वाटतं.

रानवाट_डेन्व्हर
:) आता पुढच्या ॲक्सलचं सांगा. मागे ८ स्टड आले की पुढे ६ स्टड राहून कसं चालेल? स्पेअर टायर दोन घ्यायचे का?

जुना_फोरमन
दोन स्पेअर कशाला? ज्या के२० चा मागचा ॲक्सल घ्याल तिचाच पुढचाही घ्या. पुढे १० बोल्ट किंवा डाना ४४, दोन्ही ८ स्टडचे, तुमच्याच पाट्यांवर बसतात, ब्रेक मोठे मिळतात. आणि एकाच गाडीची जोडी असल्यामुळे दोन्हीकडचा रेशो आधीच जुळलेला, क्राऊन-पिनियन बसवण्याचा खर्च शून्य. याला म्हणतात सोन्याहून पिवळं. तरी दात दोन्हीकडचे मोजाच, मधल्या काळात कुणी एकच बाजू बदललेली असू शकते. मागे ४.१० आणि पुढे ४.११ असेल तर घाबरू नका, तो फरक टायरच्या झिजेहून कमी आहे. पण ३.७३ आणि ४.१० एकत्र फोर-व्हीलमध्ये टाकले तर ट्रान्सफर केस दुखणारच.

पुढे डाना ६० चा मोह टाळा. के३० चा पुढचा डाना ६० उत्तम आहे, आतले शाफ्ट ३५ स्प्लाइन, दीड इंच. पण मिळणं कठीण आणि महाग, आणि ३५ च्या टायरला म्हणजे नाकापेक्षा मोती जड. ३७ च्या पुढे गेलात, पुढेही लॉकर टाकलात, तर बोलू.

पिंपरीचा_पाना
आणि स्वस्तात मिळतोय म्हणून १९७८-७९ च्या फोर्डचा पुढचा डाना ६० उचलू नका. त्याचा गोळा ड्रायव्हरच्या बाजूला, तुमच्या ट्रान्सफर केसचा पुढचा शाफ्ट दुसऱ्या बाजूला. घरी आणल्यावर गाडीखाली शिरून डोक्याला हात लावणारे बरेच.

चिखलचाक
पुढे मोडतो तो शाफ्ट नाही, क्रॉस (वळणाऱ्या चाकाकडे शाफ्टचे दोन तुकडे जोडणारा सांधा). स्टिअरिंग पूर्ण वळवून लोमध्ये जोर दिला की क्रॉसवर कोन सगळ्यात जास्त. आधी टोपी सरकते, मग शाफ्टचे कान फाकतात, मग टक् टक्, मग धाड. तीन उपाय. टोपी धरणाऱ्या क्लिपा अर्धवट नको, पूर्ण गोल बसवा. जाताना एक जोडलेला शाफ्ट, आतला-बाहेरचा क्रॉससकट, सोबत ठेवा. आणि चाक अडलं असेल तर आधी स्टिअरिंग थोडं सरळ करा, मग जोर द्या. तिसऱ्याला दमडी लागत नाही.

रानवाट_डेन्व्हर
एका जाहिरातीत के२० आहे, मागच्या १४ बोल्टमध्ये "फॅक्टरी लॉकर" लिहिलंय. मग वेगळा घ्यायची गरज नाही ना?

भंगारसम्राट
झाकण उघडून बघा कोणता आहे. बहुधा गव्ह-लॉक असेल. दोन चाकांच्या वेगात फरक पडला की आतली वजनं फेकली जाऊन तो एकदम लॉक होतो. बर्फात ३१ च्या टायरला छान. ३५ चा टायर घुमत असताना एकदम लॉक झाला की आतले तुकडे होतात. अमेरिकन लोक त्याला "गव्ह-बॉम्ब" म्हणतात ते उगीच नाही. काढून टाका, डेट्रॉइट लॉकर घाला. तो वळणावर कडकड करेल, कधी टायर चिरकेल, ते त्याचं बोलणं आहे.

गिअरगणित
लॉकर बदलताना कॅरिअर बाहेर येणार, म्हणजे बॅकलॅश (क्राऊन-पिनियनच्या दातांमधला खेळ) पुन्हा लावावा लागणार. १४ बोल्टमध्ये बाजूच्या बेअरिंगना आट्यांचे ॲडजस्टर आहेत, शिमांची (पातळ चकत्यांची) भानगड नाही. जुन्या जागांवर खूण करून ठेवा, बेअरिंगच्या टोप्या डाव्या-उजव्या अदलाबदल करू नका. डायल लावून मॅन्युअलातला बॅकलॅश मिळवा (इंचाच्या हजाराव्या भागात एक आकडी काम आहे, डोळ्यानं होत नाही), मग दातांना पिवळी पेस्ट लावून ठसा बघा. ठसा दाताच्या मध्याजवळ यावा, काठावर नाही. तेल जीएल-५, ८०डब्ल्यू-९०. नवे दात बसवलेत तर पहिल्या फेरीला वीस मिनिटं चालवून पूर्ण गार होऊ द्या, पहिले ५०० मैल ट्रेलर नको, मग तेल बदला. जुनेच दात असतील तर ही सगळी मनधरणी नको.

जुना_फोरमन
बसवताना राहून जाणाऱ्या गोष्टी, सुचतील तशा:

१४ बोल्टची नळी जाड आहे, जुने यू-बोल्ट बसत नाहीत. नवे घ्या, खालच्या प्लेटही. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, तसेही पुन्हा वापरायचे नसतात. १०० मैलांनंतर पुन्हा आवळा.

प्रोपेलर शाफ्टचा योक वेगळ्या मापाचा. दोन मापांचा जोडक्रॉस मिळतो, पण तो सगळ्यात कमजोर कडी ठरतो. योक बदलणं बरं. लांबी गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना मोजा, जॅकवर लटकलेली असताना नाही.

ब्रीदरची (ॲक्सलमधली हवा आत-बाहेर करणारी) नळी लांब करून चॅसीपर्यंत न्या. तापलेला गोळा ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. दुधाळ तेल येतं ते असं.

पिनियनचा कोन: दोन क्रॉसच्या साध्या शाफ्टला पिनियन ट्रान्सफर केसच्या शाफ्टशी समांतर हवी. उंची वाढवली असेल तर पाट्यांखाली पाचरी लागतील. वरच्या दिशेनं सरळ रोखून बसवली तर ताशी ६० मैलांवर सीट थरथरेल.

रानवाट_डेन्व्हर
म्हणजे ठरलं: एका के२० ची पूर्ण जोडी, दोन्हीकडे ४.१०, मागे १४ बोल्ट फुल-फ्लोटिंग आणि डेट्रॉइट, पुढे १० बोल्ट किंवा डाना ४४ उघड्या डिफरन्शियलवर, चांगल्या क्रॉससह. जोडी मिळेपर्यंत आत्ताच्या ॲक्सलवर ३५ चे टायर लॉकरशिवाय चढवले तर?

चिखलचाक
चालेल. माझा पहिला प्रतिसाद तेवढ्यापुरता अजून जिवंत आहे. फक्त रिम ६ स्टडच्या घेऊ नका, महिनाभरानं त्या विकायला काढाल.

गिअरगणित
रिम ६ स्टडच्या नाही घेतल्या तर टायर चढवणार कशावर? :)

चिखलचाक
जुन्या ३१ वाल्या रिमवर, राव. १५ इंची रिमला ३५ चा टायर मिळतो. टायरला लागते तेवढी रुंदी आहे का ते मोजा. मात्र के२० च्या ब्रेकवर १५ ची रिम घासेल का ते बघूनच नव्या ८ स्टडच्या रिम घ्या. १६ इंची ठरल्या तर आजचे १५ चे टायर उपयोगाचे नाहीत. म्हणून टायर सगळ्यात शेवटी.

पिंपरीचा_पाना
आणि हँडब्रेकची वायर के२० चीच काढून आणा. के१० ची जुळत नाही. चढावर थांबल्यावर आठवतं.